डॉक्टरांची नोंदवही

"आधी सांग, मग रड."

रक्ताने भिजलेला हात धरून कुणी फर्स्ट एडच्या खोलीत आला, की डॉक्टरांचं पहिलं वाक्य हे. जखमी हात वर धरायचा, मनगटाच्या वर पट्टी आवळायची, बोट सुटलं असेल तर ते स्वच्छ कापडात, कापड पिशवीत आणि पिशवी बर्फात. हे सगळं चालू असताना तोंडाने एकच घोशा. "सांग. मशीन कुठलं? हात कुठं हुता? डोळं कुठं हुतं? मन कुठं हुतं?" समोरचा माणूस दात आवळून, कुणाची तरी आई-माई काढत, मध्येच देवाचं नाव घेत सांगायचा. सांगणारा माणूस बेशुद्ध पडत नाही, असा त्यांचा सिद्धांत होता. वैद्यकशास्त्रात त्याला काय आधार आहे मला माहीत नाही, पण त्या खोलीत जखमी माणूस बेशुद्ध पडलेला मी पाहिला नाही. मी एकदा पडलो. मला काही लागलं नव्हतं, मी नुसता बघायला गेलो होतो.

ते डॉक्टर नव्हतेच. पिंपरीच्या एका दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर मलमपट्टी केली आणि उतारवयात एका ठेकेदारामार्फत चाकणला आमच्या कंपनीत फर्स्ट एडच्या खोलीवर लागले. राहायचे चऱ्होलीत. गावातले जुने. घरच्या शेतावर बारा मजली इमारती उभ्या राहिल्या होत्या, त्यांचे वॉचमन यांनाच गेटवर अडवून "कोणाकडे जायचंय?" विचारायचे. ते सांगायचे, "माझ्याच बांधावर." अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा कोट, तो धुऊन धुऊन साबणाच्या वडीसारखा पिवळट झालेला. खिशात दोन पेनं आणि एक चिमटा.

तुम्ही प्रेस शॉप पाहिलं नसेल तर एवढंच सांगतो की तिथे जमीन सारखी हादरत असते. लोखंडाचा घराएवढा जबडा वर जातो आणि खाली येतो, आणि तो खाली यायच्या आत पत्रा सारून हात बाहेर काढायचा असतो. दिवसातून हजारो वेळा. आम्ही गाड्यांचे सुटे भाग करायचो. रस्त्यावरच्या एखाद्या चकचकीत गाडीचं दार तुम्ही उघडता ना, त्या दाराच्या बिजागरीत कुणाचं तरी बोट आहे असं मला अजून वाटतं. वाटतं म्हणजे काय, आहेच.

मी पर्सोनेल खात्यात होतो. मराठीत एम.ए. केलेल्या माणसाने चाकणला काय करायचं, तर हजेऱ्या आणि रजा सांभाळायच्या. शिवाय कंपनीचा वार्षिक अंक माझ्याकडे होता. मी तो मनापासून काढायचो. मुखपृष्ठासाठी चित्रकाराच्या मागे लागायचो, शुद्धलेखन तीनदा तपासायचो, माझ्या स्वतःच्या दोन कविता त्यात असायच्याच. छापून आलेले अंक लोक दुपारच्या डब्याखाली अंथरायचे. भाजीच्या तेलात माझी कविता पारदर्शक झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे.

आणि त्याच कंपनीत एक वही अशी होती की ती वाचायला लोकांची रांग लागायची. ती डॉक्टरांची अपघात नोंदवही.

कायद्याने प्रत्येक कारखान्यात ती ठेवावी लागते. रकाने ठरलेले असतात. नाव, खातं, वेळ, इजेचं स्वरूप, कारण, सही. कारणाच्या रकान्यात दोन शब्द मावतील एवढी जागा. डॉक्टर त्या रकान्याला जुमानत नव्हते. ते सरळ आडवं लिहीत जायचे, सगळ्या रेघा ओलांडून, पान संपलं की पुढच्या पानावर. आणि लिहायचे ते सांगणाऱ्याच्या तोंडचं, 'मी' म्हणून. नांदेडचा असेल तर नांदेडचं, चिपळूणचा असेल तर चिपळूणचं.

माणसं "डोकं दुखतंय" म्हणून यायची. डॉक्टर एक गोळी हातावर ठेवायचे आणि वही उघडून समोर सरकवायचे. वाचून झाल्यावर गोळी परत देऊन माणूस कामावर जायचा. लोकांच्या आवडीच्या नोंदी ठरलेल्या होत्या. "ती कातरमशीनची द्या." "ती हातमोज्याची काढा." हातमोज्याची म्हणजे, एका माणसाने हात ओढून घेतला, हात आला, मोजा डायमध्येच, म्हणजे मशीनच्या साच्यातच, राहिला, आणि मोजा बाहेर काढून झटकल्यावर काय पडलं ते. त्या माणसाने सांगितलं होतं की बोट जमिनीवर पडलेलं दिसलं तेव्हा आधी मनात आलं, हे कुणाचं पडलं बिचाऱ्याचं. बिहारचे दोघे-तिघे होते, त्यांना मराठी वाचता येत नव्हतं. ते एखाद्याला धरून आणायचे आणि तो हिंदीत सांगताना चुकला तर डॉक्टर कापूस बाजूला ठेवून दुरुस्त करायचे.

वेल्डिंगच्या एकाचा डोळा गेला होता. तो दर दोन-चार महिन्यांनी यायचा आणि म्हणायचा, "माझं पान काढा डॉक्टर." त्याला त्या दिवशीचं स्वतःला काही आठवत नव्हतं. जे होतं ते त्या पानावर. बोट ठेवून हळूहळू वाचायचा, मिटलेल्या डोळ्याला रुमाल लावायचा आणि वही बंद करून जायचा.

एकदा दोन कामगारांची पंख्यावरून मारामारी झाली. जून महिना, शेडमध्ये भट्टीसारखा उकाडा, आणि सहा जणांत एक पंखा. एकाने पंख्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, दुसऱ्याने परत वळवलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी पहिल्याने डायचा लोखंडी ठोकळा उचलून दुसऱ्याच्या जबड्यावर हाणला. तीन दात फरशीवर, जबडा एका बाजूला लोंबतोय, आणि मारणारा हातातला ठोकळा न सोडता तिथेच उभा. माझ्या अहवालात मी लिहिलं, 'क्षुल्लक कारणावरून हाणामारी.' डॉक्टरांनी दोघांचं वेगवेगळं लिहिलं. मारणाऱ्याचं अर्धं पान नुसतं घामाबद्दल होतं. घाम भुवईवरून डोळ्यात कसा उतरतो, हात मशीनवर असल्यामुळे पुसता कसा येत नाही.

मी म्हणालो, "डॉक्टर, ही अपघाताची वही आहे. मारामारी कशाला घातली?"

"रगत आलं ना? मंग."

"पण त्याने मारलं त्याबद्दल तुम्ही एक अक्षर वाईट लिहिलं नाही."

"वाईट हाय की. तीन दात पडल्यात, ते लिवलंय. वाचनाऱ्याला कळंल."

अंकाबद्दलही एकदा बोलणं झालं. संपूर्ण कारखान्यात माझा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे तेवढे एकटेच. चष्मा लावून, पाण्याचा घोट घेत घेत वाचायचे. मी न राहवून विचारलं, "कसा वाटला?"

"आई लई हाय ह्यात," ते म्हणाले. "मी मोजल्या. सतरा आया. एकीचंबी नाव न्हाई लिवलेलं."

मला राग आला. मी त्यांना साहित्य म्हणजे काय ते सांगितलं. कल्पना, शैली, प्रतिमा, आणखी काय काय. एम.ए.ला शिकलेलं सगळं त्या डेटॉलच्या वासात ओतलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "आन मी लिवतो त्येला काय म्हनायचं?"

"ती नोंद झाली, डॉक्टर. साहित्य नाही."

"बरं. नोंद तर नोंद," ते म्हणाले आणि पट्ट्या कापायला लागले. त्यांना वाईट वगैरे काही वाटलं नाही. दारात एक जण डोकं धरून उभा होता आणि माझं व्याख्यान संपायची वाट बघत होता.

आता बालाजीचं सांगायला हवं. ते सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

बालाजी लातूरकडचा. चाळिशीचा, अंगाने काटक, दोनशे टनाच्या प्रेसवर. त्या प्रेसला दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच जबडा खाली येतो. म्हणजे तो खाली येताना दोन्ही हात बटणांवर, आत एकही नाही. ज्याने हे शोधलं त्याचे पाय धरावेत. पण यात वेळ जातो. म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचं दाबून ठेवायचं, दुसरं एका हाताने दाबायचं आणि मोकळ्या हाताने पत्रा सारायचा. चाकणच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात हे चालतं. साहेबलोक आले की पाचर निघते, साहेबलोक गेले की परत बसते. मलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला प्रेस शॉपमधून ओरडण्याचा आवाज माझ्या केबिनपर्यंत आला. तेवढ्या मशीनच्या खडखडाटातून आला. मी धावत गेलो तोवर डॉक्टर पोचले होते. जबडा वर नेऊन बालाजीला बाहेर काढलं होतं. उजवा हात मनगटापासून पुढे हात नव्हताच, पत्र्याच्या जाडीचा एक लाल चेंदा होता आणि त्यात घड्याळाचा पट्टा रुतला होता. एक जण भिंतीला धरून ओकत होता. दुसऱ्याने सुपरवायझरची गचांडी धरली होती आणि तो त्याचं डोकं खांबावर आपटत होता, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि कुणी सोडवत नव्हतं. बटणात पाचर नव्हती. तेवढ्यात कुणीतरी ती काढली होती.

डॉक्टर फरशीवर मांडी घालून बसले होते. बालाजीचं डोकं त्यांच्या मांडीवर. दंडाला पट्टी आवळत ते म्हणत होते, "सांग, लेका. सुरुवातीपास्नं सांग." आणि बालाजी सांगत होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सांगत होता. मला मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. खरं म्हणजे मी ऐकायला जवळ गेलो नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. परदेशी ऑर्डर त्या तपासणीवर ठरणार होती. बुधवारी सकाळी प्लँट हेडनी मला आत बोलावलं. समोर डॉक्टरांची वही होती, उघडी, शेवटच्या पानावर.

"हे वाचलंत?"

"नाही सर."

"वाचूही नका. नवीन वही करा. गेल्या तीन वर्षांची. तुमची भाषा चांगली आहे."

मी नवीन वही केली. सकाळी बसलो आणि संध्याकाळच्या आत संपवली. तीन वेगवेगळी पेनं वापरली, एक निळं, एक काळं, एक जरा गळकं, म्हणजे तीन वर्षांत लिहिल्यासारखं वाटावं. दोन पानांवर चहा सांडला. कोपरे बोटांनी मळवले. अपघातांची संख्या निम्म्याहून खाली आणली. प्रत्येक नोंद नेमकी रकान्यात बसवली. कातरमशीनच्या माणसाला मी कटर पुसताना खरचटवलं. हातमोजेवाल्याला तर मी गाळूनच टाकलं. बालाजीच्या नावापुढे लिहिलं, 'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे हातास दुखापत.' लिहिताना माझा हात अडखळला नाही. उलट मला ते काम जमत होतं याचा एक प्रकारचा आनंद झाला, हे आज कबूल करून टाकतो.

आता प्रत्येक नोंदीखाली फर्स्ट एडवाल्याची सही लागते. सहीसाठी डॉक्टरांना प्लँट हेडच्या केबिनमध्ये बोलावलं. गेटवरचे दोन सिक्युरिटीवाले दाराशी उभे होते. डॉक्टरांनी चष्मा लावला आणि माझी वही वाचायला घेतली. सही करायला नव्हे, वाचायला. पहिल्या पानापासून. माझा अंक वाचायचे तशीच. प्लँट हेड टेबलावर बोटं वाजवत होते. सगळी वाचून झाल्यावर त्यांनी ती मिटली आणि माझ्याकडे बघितलं.

"साहेब, अक्षर ग्वाड हाय," ते म्हणाले. "पर ह्यात एकबी मानूस वरडत न्हाई."

मी खाली बघितलं.

"सही करा आणि जा," प्लँट हेड म्हणाले.

"ही माझी न्हाई. माझी ती." त्यांनी टेबलावरची जुनी वही उचलली आणि कोटाच्या आत घातली. "हितं बालाजी हाय. त्येच्या बायकूला दवाखान्यात सांगितलंय का न्हाई कुनी, की नवऱ्याचं ध्यान नव्हतं म्हून? ती रडत हुती काल. नवऱ्याला बोल लावत हुती. मी तिला ही वाचून दावनार हाय."

प्लँट हेडनी मान हलवली. सिक्युरिटीवाल्यांनी डॉक्टरांना धरलं. ते सोडेनात. साठीचा माणूस, पण वही छातीशी अशी आवळली होती की दोघांना ती सुटेना. एकाने त्यांची बोटं मागे वाकवली. काटकीसारखा आवाज झाला. दुसऱ्याने खांद्याला हिसडा दिला आणि डॉक्टर टेबलाच्या काचेच्या कोपऱ्यावर तोंडघशी आपटले. कपाळ भुवईच्या वर फाटलं. रक्त काचेवरून ओघळून माझ्या नव्या वहीखाली गेलं, तेव्हा मी काय केलं? मी वही उचलून धरली. भिजू नये म्हणून.

हे दृश्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

ते उठले. खिशातला कापूस काढून स्वतःच्या कपाळावर दाबला. करंगळी वाकडी झाली होती, ती शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधली. घाई नाही, आरडाओरड नाही, एखाद्या परक्याची पट्टी करावी तसं. मग हात पुढे केला. "वही द्या. नोंद करायची ऱ्हायली."

वही कुणी दिली नाही. त्यांना गेटबाहेर सोडलं. ठेकेदाराला कळवलं की उद्यापासून दुसरा माणूस पाठवा. जुनी वही प्लँट हेडनी माझ्या हातात दिली आणि मी ती हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत टाकली. न वाचता टाकली. वाचली असती तर टाकता आली नसती, एवढी अक्कल मला होती.

गुरुवारी तपासणी झाली. पाहुण्यांनी माझी वही चाळली, नीटनेटकेपणाचं कौतुक केलं आणि एका पानाचा फोटो घेतला. माझ्या लेखनाची एवढी दखल त्याआधी कुणी घेतली नव्हती, त्यानंतरही नाही.

डॉक्टर पुढच्या वर्षी चऱ्होलीत हृदयविकाराने गेले. निरोप आला होता. कंपनीतून बरेच लोक सुट्टी टाकून गेले, वेल्डिंगवाला गेला, बिहारची माणसं गेली. मी गेलो नाही. काम होतं असं सांगितलं. काम नव्हतं. मला त्या माणसाच्या कपाळावरचा व्रण बघायचा नव्हता.

मध्यंतरी प्लँट हेड बदलले. बालाजीला स्टोअरमध्ये बसवलं. तो डाव्या हाताने लिहायला शिकला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

मागच्या महिन्यात नवीन भरती झाली, बारा जण, त्यांत चार बायका. त्यांना शॉप दाखवायचं काम माझं. मी स्लाइड दाखवल्या, हेल्मेट वाटली आणि त्यांना घेऊन दोनशे टनी प्रेसपाशी आलो. तिथे जेवणाच्या सुट्टीमुळे मशीन थांबलं होतं आणि बालाजी उभा होता. मला तो म्हणाला, "साहेब, दोन मिनिटं." जुने कामगार डबे सोडून भोवती गोळा झाले. हे दर भरतीच्या वेळी होतं, हे मला तेव्हा कळलं. माझी पाठ फिरल्यावर होत असणार. यंदा बालाजी थांबला नाही.

त्याने हात मागे बांधले, म्हणजे एक हात आणि एक थोटूक, आणि पाठ म्हणून दाखवायला लागला. वही होती तेव्हा डॉक्टरांना ती त्याच्या बायकोला वाचून दाखवता आली नाही. पण मंगळवारी लिहिली आणि बुधवारी सकाळी ती उचलून नेली, त्या मधल्या वेळात दोन पाळ्यांच्या माणसांची डोकी दुखली होती. निम्म्या शॉपला ते पान पाठ होतं. बालाजीने ते त्यांच्याकडून घेतलं होतं, आपलंच.

"मी बालाजी. पोरीचा दहावीचा निकाल होता, म्हणून माझे डोळे घड्याळाकडं गेले असं कुणी म्हणल. तसं नाही. डोळे पत्र्याकडंच होते. उजव्या बटणात पाचर होती. ती मी मारली नाही. सुपरवायजरनं मारली. म्हणला, शंभर नग जास्ती निघतेत. मी आठ दिवस तसंच करायलो. पहिल्या दिवशी भ्या वाटलं. दुसऱ्या दिवशी थोडं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाटलं नाही. डॉक्टर, हे लिहा, की तिसऱ्या दिवशी वाटलं नाही. आज प्रेस खाली आली तर आवाज रोजचाच झाला. माझा हात आत हाय म्हणून तिनं काही येगळा आवाज केला नाही."

नव्यांतल्या एका बाईने, तिशीची असेल, परभणीकडची, दोन्ही तळवे पदराला पुसले. मग ती माझ्याकडे वळली. हेल्मेट वाटणारा मीच होतो, गळ्यात ओळखपत्र होतं, तिला वाटलं असेल याला माहीत असणार.

"साहेब, हे खरं हाय का? की भ्या घालायसाठी सांगायलेत?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ऑफिसच्या कपाटात माझी वही अजून आहे, शिक्क्यासकट, फोटो निघालेली. बालाजी प्रेसकडे बघत होता.

"ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे," मी म्हणालो. "ऑफिसातल्या वहीत जे आहे ते खोटं आहे. ते मी लिहिलंय."

बालाजीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग तो त्या बाईकडे वळला आणि पुढचं वाक्य म्हणायला लागला.